उपाशी शरीर कशावर जगते: एका शोधाची पार्श्वभूमी

आटपाडी, जत किंवा माणदेशातल्या एखाद्या गावी पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला वय विचारले, तर ‘बाहत्तरच्या दुष्काळात मी झोळीत होतो’ असे उत्तर आजही येते. ती झोळी दुष्काळी कामावर, खडीच्या ढिगाशेजारच्या झाडाला बांधलेली असे आणि आई दुष्काळी मदतीत वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या आधारावर दिवसभर खडी फोडत असे. अन्न तुटले की शरीर कोणत्या साठ्यावर जगते, याचे बरेचसे उत्तर शास्त्राला त्या दुष्काळाच्या जेमतेम पाच वर्षे आधी मिळाले होते.

त्याची सुरुवात फ्रान्समध्ये झाली. साखर फक्त वनस्पतीच तयार करतात, असा समज असताना शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांना १८४८ मध्ये निव्वळ मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृताकडून येणाऱ्या रक्तातही साखर सापडली. १८५७ मध्ये त्यांनी यकृतातला तो साठा, म्हणजे ग्लायकोजेन, वेगळा काढून दाखवला. हा साठा घरातल्या पिठाच्या डब्यासारखा असतो. तो साधारण शंभर ग्रॅम भरतो आणि एका दिवसाच्या उपासात बहुतेक संपतो. चरबीचा साठा मात्र सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवासारखा, म्हणजे जमिनीखालच्या कोठारासारखा, खोल आणि दीर्घ मुदतीचा असतो.

डबा भरायचा की पेव उघडायचे हे कोण ठरवते, याचा धागा १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिळाला. मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह झाला. १९२१ मध्ये टोरांटोत स्वादुपिंडातले इन्सुलिन हे संप्रेरक हाती आले. जेवणानंतर ते वाढते आणि साखर व चरबी साठवायला लावते. उपासात ते उतरते, ग्लुकागॉन हे स्वादुपिंडाचेच दुसरे संप्रेरक वर येते आणि साठे मोकळे होतात.

तरीही एक कोडे उरत होते, आणि या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग मला तोच वाटतो. मेंदूला रोज सुमारे शंभर ग्रॅम ग्लुकोज लागते आणि चरबीपासून शरीराला ते फारसे बनवता येत नाही. ते सगळे स्नायूंतील प्रथिने मोडून काढावे लागले असते, तर माणूस दोन-तीन आठवड्यांत गेला असता. प्रत्यक्षात १९१२ मध्ये बोस्टनला बेनेडिक्ट यांच्या देखरेखीखाली एका माणसाने ३१ दिवस उपास केला आणि त्याच्या लघवीतून जाणारा नायट्रोजन पुढे पुढे कमी होत गेला. प्रथिने मोडली की त्यांतला नायट्रोजन लघवीतून जातो; तो कमी झाला म्हणजे शरीर स्नायू राखत होते. याचे कारण १९६७ मध्ये ओवेन आणि केहिल यांनी दाखवले. पाच-सहा आठवडे उपाशी राहिलेल्या स्थूल रुग्णांच्या मेंदूचे बहुतांश इंधन यकृताने चरबीपासून बनवलेले किटोन होते. मधुमेहींच्या बेशुद्धीशी जोडले गेल्यामुळे तोवर बदनाम असलेला हा पदार्थच उपाशी माणसाला तारत होता.

हे ज्ञान नसताना १८७७ मध्ये ब्रिटिश सरकारचे दुष्काळ प्रतिनिधी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी मजुराची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर थोडी चिल्लर एवढ्यावर आणली. तो आकडा तिजोरी पाहून ठरला होता. किटोन मेंदूला सांभाळतात. दगड फोडणाऱ्या हातांची झीज मात्र त्यांनी भरून निघत नाही.

उपास सोडण्याचा धोका दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमध्ये दिसला. उपाशी शरीरावर एकदम अन्नाचा मारा झाला, की इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट पेशींत ओढले जाते आणि हृदय बंद पडू शकते. फार दिवस उपाशी राहिलेल्याला आधी ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, तीही घोटाघोटाने, द्यायची ती यासाठीच.