कांदा, पन्हं आणि कूलर : नागपूरच्या उन्हाळी सवयींमागची गोष्ट

मार्च सरत आला की नागपुरात घरोघरी कूलरवरचं प्लॅस्टिक निघतं, जुनी खस (वाळा) काढून नवी भरली जाते. २३ मे २०१३ रोजी या शहरानं ४७.९ अंश तापमान पाहिलंय. तेव्हा इथे तब्येत सांभाळायची म्हणजे आधी ऊन सांभाळायचं.

खसची युक्ती कूलरपेक्षा कितीतरी जुनी. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली गार ठेवण्याचा उल्लेख अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’त येतो. इंग्रज अधिकाऱ्यांनीही दारांना ताट्या लावल्या, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून मध्य प्रांताचा कारभार उन्हाळ्यात पचमढीला हलवला. ज्यांना पचमढी परवडत नव्हती, ते नागपूरकर इथेच राहिले. पुढे ताटीमागे पंखा आणि पाण्याचा पंप आला, तोच आपला कूलर. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या हवेत तो झकास चालतो. जूनमध्ये दमट वारं सुटलं की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो.

घामानं थकल्यावर कैरीचं पन्हं का बरं वाटतं, हे कोडं विज्ञानाला सुटलं ते बऱ्याच उशिरा. आतड्यातून साखर आणि मीठ जोडीनं शोषलं जातं, हे १९६० मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी मांडलं; पाणी त्यांच्यामागून जातं. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन असंख्य जीव वाचवले. त्यातूनच ओआरएस जगभर पोचलं. पन्ह्यातही मीठ-साखर असते, पण आपला हात गुळासाखरेला सैल. घामानं थकलेल्याला ते ठीक. जुलाब लागलेल्याला इतकं गोड पाणी उलट त्रास वाढवतं, त्याला ओआरएसच हवं. ताकाला मात्र नावं ठेवायला जागा नाही.

आता खिशातला कांदा. तो शरीराची उष्णता ओढून घेतो, याला काहीही आधार नाही. पण आठवणीनं कांदा घेऊन निघणारा माणूस डोक्याला दुपट्टाही बांधतो, निघताना गडूभर पाणी पितो आणि बारा ते चार शक्यतो घराबाहेर पडत नाही. श्रेय कांद्याला जातं, इतकंच.

२०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्माघातविरोधी आराखडा केला आणि पुढे नागपूरसारख्या शहरांनीही तो मार्ग धरला. त्यातला दुपारी बाहेर न पडण्याचा सल्ला इथल्या आजीला नवा नव्हता. नवं होतं ते हवामान खात्याचा अंदाज पाहून आधीच सावध करणं.

कूलरनं मात्र एक दुखणंही आणलं. टाकीतल्या साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा एडिस डास अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. ‘आठवड्यातून एक दिवस कोरडा’ हा नियम या हिशेबातून आला. पण बरेच जण नुसतं पाणी ओतून देतात. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. म्हणून ब्रशनं घासायचं, आणि मृग लागून कूलर बंद झाला की टाकी पालथी घालायची.