प्लास्टिकला पावडर कोटिंग होतं का? होतं, पण घोडं अडतं ओव्हनपाशी

खिडकीचं ग्रिल, ऑफिसातलं लोखंडी कपाट, सायकलची फ्रेम, अलॉय व्हील, या सगळ्यांना पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पावडर मारून ती ओव्हनमध्ये पकवणं, चालतं. पण गाडीचं प्लास्टिकचं मडगार्ड किंवा फायबरचं पॅनेल घेऊन गेलात तर कोटिंगवाला लांबूनच नाही म्हणतो. कारण विचारलं तर सांगतो, प्लास्टिकमधून करंट जात नाही, पावडर धरणार नाही. त्याचं अर्धं बरोबर आहे, पण माझ्या मते ते सोपं अर्धं आहे, खरी गोची पुढे आहे.

आधी लोखंडावर काय होतं ते बघू. पावडर म्हणजे रेझिन (थर बनवणारा राळेसारखा पदार्थ), हार्डनर (रेझिनला कडक करणारा) आणि रंग एकत्र वितळवून, थंड करून दळलेलं पीठ, कण साधारण ३०-५० मायक्रॉनचे. पावडर मारायच्या गनच्या टोकाशी ६० ते १०० किलोव्होल्ट असतात (आकडा ऐकून घाबरू नका, करंट मायक्रोअँपिअरमध्ये असतो), तिथून जाताना कण चार्ज होतात आणि अर्थिंग केलेल्या जॉबला (ज्याला कोटिंग करायचं त्या वस्तूला) जाऊन चिकटतात. मग जॉब ओव्हनमध्ये, १८०-२०० अंशांना १०-२० मिनिटं. पावडर वितळते, पसरते, रेझिन-हार्डनरची रिअ‍ॅक्शन होऊन ६०-८० मायक्रॉनचा कडक थर बसतो.

प्लास्टिकवर आलेला चार्ज निघून जायला वाटच नसते. पहिले कण बसतात, त्यांचा चार्ज तिथेच साठतो आणि मागून येणाऱ्या कणांना तो ढकलायला लागतो, म्हणून कुठे थर बसतो कुठे नाही. पण यावर इलाज बरेच आहेत. पृष्ठभाग धातूइतका वाहक असायची गरजच नाही. साध्या प्लास्टिकच्या पृष्ठभागाचा विद्युतरोध एकावर चौदा शून्यं ओहम किंवा त्याहून जास्त असतो, तो नऊ-दहा शून्यांवर आणला तरी काम भागतं. त्यासाठी कंडक्टिव्ह प्रायमर मारतात, अँटिस्टॅटिक द्रावणाने जॉब पुसतात किंवा प्लास्टिकमध्येच कार्बन ब्लॅक मिसळतात. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या) बोर्डाला तर लाकडातला थोडासा ओलावाच पुरतो. आणि काहीच नाही तर जॉब आधी गरम करायचा, म्हणजे पावडर लागल्या लागल्या वितळून चिकटते. ही युक्ती खरं तर सगळ्यात जुनी, कारण १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एर्विन गेमरने ही पद्धत काढली तेव्हा हवेने उकळल्यासारख्या हलणाऱ्या पावडरीत तापवलेला धातू बुडवायचा एवढंच होतं, विजेचा संबंधच नव्हता.

आता ओव्हन. एबीएस हे कडक प्लास्टिक १०५ अंशांच्या आसपास मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट १४५ च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन १६५ ला वितळतं आणि आकार त्याच्या बराच आधी सोडतं. १८० च्या ओव्हनमधून यातलं काहीच धड बाहेर येणार नाही. काचतंतू घातलेलं नायलॉन ६६ टिकतं, ते वितळतं २६० ला, पण ते हवेतलं पाणी पितं, आधी नीट सुकवलं नाही तर ओव्हनमध्ये फोड येतात.

मग ८० अंशांना पकणारी पावडर का नाही बनवत? मला या विषयातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. पावडर गोडाउनमध्ये पावडरच राहिली पाहिजे, नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवली तरी. रेझिन फार लवकर मऊ पडणारं घेतलं तर पोत्यात पावसाळ्यातल्या पिठीसाखरेसारखे गठ्ठे होतात आणि गनमधून ती जाणारच नाही. त्यात बनवतानाच रेझिन आणि हार्डनर एक्स्ट्रूडरमध्ये (वितळवून मळणाऱ्या मशीनमध्ये) साधारण १०० अंशांना वितळवून एकजीव करावे लागतात, म्हणजे रिअ‍ॅक्शन त्याच तापमानाला जोरात सुरू झाली तर माल मशीनमध्येच दगड होईल. खालून गोडाउन, मधून एक्स्ट्रूडर, वरून एबीएस, अशा चिमट्यात केमिस्ट अडकलेला असतो. म्हणून लो-बेक, म्हणजे कमी तापमानाला पकणाऱ्या, पावडरी आल्या तरी त्या १२०-१४० च्या आसपासच घुटमळतात.

यातून निघायला यूव्ही पावडर आली. वितळणं आणि पकणं ही दोन कामं वेगळीच करून टाकली. इन्फ्रारेडखाली १००-१२० अंशांना एक-दोन मिनिटांत पावडर वितळते, मग यूव्हीच्या दिव्याखाली काही सेकंदांत पकते. इथे प्लास्टिकचा एक दुर्गुण कामाला येतो, ते उष्णता अ‍ॅल्युमिनियमपेक्षा साधारण हजारपटीने कमी वाहून नेतं, त्यामुळे वरचा थर तापतो तेव्हा आतला गाभा गारच असतो. अडचण एकच, यूव्ही जिथे पोचत नाही तिथे कोटिंग कच्चं राहतं. सपाट बोर्डाला मस्त, खाचाखोचांच्या जॉबला डोकेदुखी, आणि दाट रंगाचा जाड थर असेल तर प्रकाश तळापर्यंत जात नाही.

कंपोझिटची, म्हणजे तंतू आणि रेझिन मिळून केलेल्या मालाची, तऱ्हा वेगळी. काचतंतू आणि पॉलिस्टर रेझिनचं एसएमसी (साच्यात दाबून पार्ट करायची शीट) वितळत नाही, एकदा पकलेलं असतं, त्यामुळे ताप बऱ्यापैकी सोसतं. पण आत बारीक पोकळ्या आणि तंतूंच्या कडेने हवा, ओलावा अडकलेला असतो. ३० अंशांवरून १८० ला नेलं की हवाच दीडपट फुगायला बघते, ती नेमकी कोटिंग अर्धवट घट्ट झालेलं असताना बाहेर पडते आणि पिनहोल (टाचणीएवढं भोक) ठेवून जाते. कडा कापलेल्या असतील तर विचारूच नका. (कार्बन फायबर वीज वाहतं म्हणून सोपं जाईल असं वाटतं, पण वर रेझिनचा थर असतो, आणि १२० ला पकवलेलं इपॉक्सी १८० ला मऊ पडू शकतं. कार्बनची सायकल फ्रेम कृपया कुणाच्या ओव्हनमध्ये घालू नका.)

यावर एक उलटा उपाय आहे. जॉबला कोटिंग न करता साच्याला करायचं! प्रेसचा स्टीलचा साचा तसाही दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. पावडर त्याच्यावर मारायची, ती वितळून बसते, मग वर एसएमसीची शीट ठेवून प्रेस बंद करायचा. कोटिंग आणि जॉब एकत्रच पकतात, प्रेसच्या दाबामुळे पिनहोलची कटकट बरीच कमी होते, साचा धातूचा म्हणून अर्थिंगचाही प्रश्न मिटतो. पण दर शॉटला (दर नगाला) साचा उघडून पावडर मारायची म्हणजे प्रेस तेवढा वेळ रिकामा, आणि रंग बदलायचा तर बूथची सगळी साफसफाई साच्यापाशीच करावी लागते, म्हणून हे एकाच रंगाचे भरपूर नग काढणाऱ्यालाच परवडतं. चार-पाच पॅनेल करायची असतील तर पॉलियुरेथेनचा ओला पेंट ८० अंशांना किंवा त्याहून कमीत वाळतो, थिनरचा वास येतो खरा, पण सध्या तरी तोच मारा.