स्वादुपिंडातल्या गाठीपर्यंत सुई पोचली कशी

स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्यालगत दडलेलं असतं. तिथली गाठ पोट चाचपून सहसा लागत नाही, साध्या एक्स-रेतही दिसत नाही. त्यामुळे गाठ आहे का आणि असली तर कसली, हे पूर्वी बहुधा पोट उघडल्यावरच कळे.

बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरायची पद्धत स्वीडनमध्ये आधीच रुळली होती. १९७५ मध्ये हान्के, होल्म आणि कोख या डॅनिश डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत पोटाच्या कातडीतून स्वादुपिंडात सुई घालण्याची पद्धत प्रसिद्ध केली. लवकरच सीटी स्कॅनच्या मदतीनेही सुया जाऊ लागल्या. पण वाटेत जठर, आतडी. त्यांतल्या गॅसने सोनोग्राफीचं चित्रही झाकोळतं.

म्हणून १९८० च्या सुमारास सोनोग्राफीचा प्रोबच (ध्वनिलहरी सोडून चित्र टिपणारा भाग) घशातून उतरवायच्या दुर्बिणीच्या, म्हणजे एंडोस्कोपच्या, टोकाला बसवून आत नेला. जठराच्या भिंतीला टेकवला की पलीकडे लगेच स्वादुपिंड. सुरुवातीच्या प्रोबना मात्र आडवा छेद दिसे आणि पुढे सरकणाऱ्या सुईचं टोक हरवे. दुर्बिणीच्या लांबीच्या दिशेने पाहणारा प्रोब आल्यावर सुई अख्खी दिसू लागली. १९९२ मध्ये पीटर विल्मान आणि सहकाऱ्यांनी अशी स्वादुपिंडातली पहिली तपासणी नोंदवली, तेही डेन्मार्कचेच.

२००३ मध्ये ‘ॲपल’ कंपनीचा संस्थापक स्टीव्ह जॉब्सच्या स्कॅनवर गाठ दिसली, तेव्हा डॉक्टरांनी तीन ते सहा महिन्यांचं आयुष्य सांगितलं होतं. त्याच संध्याकाळी दुर्बीण जठरातून आतड्यात नेऊन सुईने पेशी काढल्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर गाठ दुर्मीळ, शस्त्रक्रियेने काढता येण्याजोगी निघाली. आपल्याकडे तर स्वादुपिंडाचा क्षयही स्कॅनवर कधी हुबेहूब कॅन्सरसारखा दिसतो, आणि त्यावर गोळ्या पुरतात.

पण पेशींवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. स्वादुपिंडाच्या कॅन्सरभोवती घट्ट तंतुमय जाळं असतं. सुईत कधी तेवढंच येतं आणि रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ लागतो. म्हणून अनेक ठिकाणी पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे पेशी तपासणारा डॉक्टर, एंडोस्कोपीच्या खोलीतच बसतो, स्लाइड रंगवून पाहतो आणि पुरेशा पेशी नसतील तर पुन्हा सुई घालायला सांगतो. पाण्याच्या गाठीत पेशी त्याहून कमी, तिथे द्रवातलं सीईए हे प्रथिन मोजतात.

पेशी-तपासणीतल्या तज्ज्ञांच्या पॅपनिकोलाऊ सोसायटीने २०१४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा रिपोर्टचे ठरीव वर्ग आखून दिले. दोन्हीकडे स्लाइड स्कॅनशी ताडून वाचणं अपेक्षित आहे.