फ्लोट की बाइंड? स्प्रिंगखाली वॉशर टाकण्याआधी

नऊ हजार आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास बाइकच्या इंजिनचा घसा बसायला लागला, की अंबडच्या गॅरेजात काय आणि सातपूरच्या लेथवाल्याकडे काय, निदान एकच: व्हॉल्व्ह बंद करणारी स्प्रिंग नरम पडली, खाली वॉशर टाक. स्वस्तातलं काम. कधी भागतं, कधी कॅमच (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्याचा दांडा) खाल्ला जातो. व्हॉल्व्ह फ्लोट आणि कॉइल बाइंड हे दोन आजार वेगळे, आणि पहिल्याच्या औषधाने दुसरा जडतो. (आरएक्स १००वाल्यांनी इथेच थांबावं, टू-स्ट्रोकला हे व्हॉल्व्हच नसतात.)

फ्लोट म्हणजे स्प्रिंगचा जोर कमी पडणं. १०,००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सुमारे ८३ वेळा उघडतो. कॅमचा उंचवटा पुढे सरकला तरी व्हॉल्व्ह वेगाच्या भरात हवेतच राहतो, मग सीटवर (बंद होताना तो टेकतो त्या कड्यावर) आपटून उसळतो. कॉम्प्रेशन जातं, गाडी फटफटते. नशीब वाईट असेल तर पिस्टन व्हॉल्व्हला गाठतो. व्हॉल्व्हला कॅमला धरून ठेवायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो: ८,००० वरून १०,००० वर गेलात की ५६ टक्के जास्त. म्हणून ४०२ मीटरच्या ड्रॅग रेसमध्ये खालच्या आरपीएमला सगळं गोड वाटतं.

बाइंडला आरपीएमशी देणंघेणं नाही. तिथे स्प्रिंगची जागाच संपते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडताना वेढे एकमेकांना टेकतात, आणि कॅम एका भरीव लोखंडी नळीला दाबत बसतो. कॅमचं टोक झिजतं, रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारा भाग) तुटतो. जास्त लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा, कॅम टाकून स्प्रिंग जुनीच ठेवली, की हे ठरलेलं.

ओळखायला व्हर्निअर आणि व्हाइस पुरे. समजा बसवलेली स्प्रिंग ३४ मिमी, लिफ्ट ८.५, उरले २५.५. व्हाइसमध्ये पूर्ण दाबून ती २४ मिमी भरली, तर दीड मिमी मोकळीक आहे. ठीक. आता फ्लोट घालवायला दीड मिमीचा वॉशर टाकला, की मोकळीक शून्य! रिटेनर (स्प्रिंगवरची टोपी) खाली व्हॉल्व्हच्या ऑइल सीलला टेकत नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

पैसे कमी असतील तर माझा क्रम असा. आधी जुन्या स्प्रिंगांचा दाब टेस्टरवर मोजा, नरम पडलेल्या बदला. मग व्हॉल्व्हबरोबर हलणाऱ्या भागांचं वजन उतरवा. हलका रिटेनर मिळाला तर कडक स्प्रिंगची गरजच कमी होते, आणि कडक स्प्रिंग कॅम-रॉकर झिजवते ते वेगळंच. मग सीट नीट कापून व्हॉल्व्ह लॅप करा, म्हणजे सीटवर घासून बसवा. मोठ्या व्हॉल्व्हचा मोह सगळ्यात शेवटी. तो जड, म्हणजे पुन्हा स्प्रिंग आली, आणि बोअरच्या भिंतीजवळ गेला तर हवाही अडते.

इनटेक व्हॉल्व्ह स्टॉक (कंपनीचाच) चालेल. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र कुणाच्या भंगाराच्या डब्यातून उचलू नका. तो आयुष्यभर शेकलेला असतो, आणि त्याचं डोकं तुटलं की पिस्टन आणि सिलिंडर हेड दोन्ही जातात.