हाडात दोनच डाग असतील तर प्रोस्टेट काढावी का?

‘कॅन्सर हाडात उतरलाय’ एवढं ऐकलं की घरातल्यांचे हातपाय गळतात. गडचिरोली, भंडारा, छिंदवाड्याहून नागपूरला मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात), मानेवाडा रोडवरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलात किंवा जामठ्याच्या कॅन्सर हॉस्पिटलात पेशंट घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, आता करण्यासारखं काही उरलं नाही. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरबाबत ही समजूत बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं. स्कॅनमध्ये हाडात कॅन्सरचे दोन-चार डाग दिसणं वेगळं आणि सांगाडाभर आजार पसरणं वेगळं. आजार एकाच जागी असणं आणि सगळीकडे पसरणं यांच्या मधल्या या अवस्थेची कल्पना सॅम्युअल हेलमन आणि राल्फ वाइक्सेलबाम या अमेरिकी डॉक्टरांनी १९९५ मध्ये मांडली.

पसरलेल्या आजारात मुख्य उपचार टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन रोखण्याचाच. हा कॅन्सर त्या हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं होतं. इंजेक्शनं, जोडीला अबिरॅटेरॉनसारख्या गोळ्या, यांनी आजार बराच काळ दबून राहतो. मग प्रोस्टेटमधल्या मूळ गाठीला हात का लावायचा? एक तर तिथून नव्या पेशी रक्तात सुटत राहतात, असा अंदाज आहे. शिवाय ती गाठ पुढे लघवी अडवते, रक्त पाडते, किडनीवर ताण आणते.

रेडिएशनच्या बाजूने भक्कम पुरावा आहे. ब्रिटनमधल्या स्टॅम्पीड चाचणीत २,०६१ पुरुष होते. पसरलेला आजार थोडा असलेल्यांत प्रोस्टेटला रेडिएशन दिल्यावर तीन वर्षांनी ८१ टक्के जिवंत होते, न दिलेल्यांत ७३ टक्के. आजार जास्त पसरलेल्यांना मात्र तो फायदा झाला नाही. त्या चाचणीत रेडिएशन एकतर चार आठवडे रोज दिलं गेलं, नाहीतर आठवड्यातून एकदा असं सहा वेळा. लांबून येणाऱ्या कुटुंबाने या दुसऱ्या वेळापत्रकाबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

ऑपरेशनच्या बाजूने पुरावा अजून तोकडा आहे. चीनमध्ये २०० रुग्णांवर झालेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मूळ गाठीवर उपचार झालेल्यांपैकी (त्यात बहुतेकांची प्रोस्टेट काढली होती) तीन वर्षांनी ८८ टक्के हयात होते, नुसत्या हार्मोन उपचारावर ७० टक्के. आकडे आशादायक आहेत, पण चाचणी लहान आहे. जर्मनीतली अशीच एक चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने आधीच थांबवावी लागली. म्हणून आज कोणी ‘ऑपरेशन केलं की आयुष्य वाढेलच’ असं छातीठोकपणे सांगत असेल, तर ते पुराव्याच्या पुढे जाणं आहे.

डाग मोजण्यातही मेख आहे. स्टॅम्पीडमधले डाग साध्या बोन स्कॅनवर मोजलेले होते. आता पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शोधणारा नवा स्कॅन) होतो, आणि तो बारीक डागही पकडतो. त्यामुळे पेटवर सहा डाग दिसणाऱ्याच्या बोन स्कॅनवर दोनच दिसू शकतात. उलट बरगडीवरचा एकुलता डाग कधी कधी जुन्या, भरून आलेल्या फ्रॅक्चरचा निघतो! शंका असेल तिथे सुई घालून तपासणी करणं किंवा सीटी, एमआरआयशी ताडून बघणं, हे कष्ट वाया जात नाहीत.

ऑपरेशनमध्ये प्रोस्टेट, वीर्यपिशव्या आणि ओटीपोटातल्या लसिकाग्रंथी काढतात, मूत्राशय खाली मूत्रनलिकेला शिवतात. आठ-दहा दिवस कॅथेटर राहतो. तो निघाल्यावर खोकलं, उठलं की लघवी झिरपते. बहुतेकांची काही महिन्यांत आटोक्यात येते, सगळ्यांची नाही. त्यासाठीचे स्नायूंचे व्यायाम ऑपरेशनच्या आधीच शिकून घ्यावेत. लैंगिक ताठरतेवर परिणाम होतो, हे पेशंटला आणि त्यांच्या पत्नीला, दोघांनाही आधी स्पष्ट सांगितलेलं बरं. आणि हार्मोन उपचार ऑपरेशननंतरही सुरूच राहतात.

डॉक्टर ‘ऑपरेशन करू’ म्हणाले तर कोणतं, ते नक्की विचारा. अंडकोष काढण्याचं एक छोटं ऑपरेशनही असतं. टेस्टोस्टेरॉन रोखणाऱ्या, दर महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनाऐवजी ते करतात, खर्च खूप वाचतो. पण त्यात प्रोस्टेट जागच्या जागीच राहते.