बोडकी पाठ (कोंबडीची)

कोंबडा वारंवार अंगावर चढल्यामुळे कोंबडीच्या मानेमागची, पाठीवरची आणि पंखांच्या बुडाची पिसे मोडणे किंवा उपटली जाणे व कातडी उघडी पडणे. विदर्भात अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या गावरान कोंबड्यांत ही गोष्ट सर्रास दिसते. हा रोग नाही, म्हणून तिकडे सहसा दुर्लक्ष होते. जखम झाली की मात्र कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि पावसाळ्यात दगावूही शकते.

मीलनाच्या वेळी कोंबडा चोचीने कोंबडीच्या डोक्यामागची पिसे धरतो, पाठीवर उभा राहतो आणि तोल सावरण्यासाठी पाय रेटतो. काही सेकंदांत सारे उरकते, पण तीच कोंबडी दिवसातून अनेकदा सापडली की पिसांचे दांडे तुटतात. कापूस निघून पऱ्हाटी कापल्यावर वावरात खुंट राहतात, तशी ती पाठ दिसते. जुना कोंबडा पंख खाली सोडून कोंबडीभोवती गिरकी घेतो, दाणा दाखवून बोलावतो. नवा नर थेट पाठलाग करतो आणि ओरबाडतो. वय वाढले की पायामागचा काटा लांब होतो व पंखाखालची कूस फाडतो. गिरिराज, वनराज अशा सुधारित जातीचा वजनदार कोंबडा हलक्या गावरान कोंबड्यांत सोडला, तर भार आणखी वाढतो.

खरे कारण बहुधा नरांची संख्या हेच असते. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. पाच-सहा कोंबड्यांच्या अंगणात दोन-तीन नर वाढत असले की हिशेब बिघडतो. श्रावणात अनेक घरांत मांस वर्ज्य असते, त्यामुळे खायचे किंवा विकायचे नर पोळ्याच्या करीपर्यंत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, अंगणातच राहतात. माश्यांचा सुकाळही तेव्हाच असतो, म्हणून या महिन्यात पाठी रोज पाहाव्यात. कोंबड्यालाही आवडनिवड असते: एक-दोन कोंबड्या पार सोलल्या जातात आणि बाकीच्यांचे पीसही हलत नाही.

पाहणी संध्याकाळी खुराड्यात कोंडताना सोपी जाते. घरची बाई कोंबडी काखेत धरते, पाठीवर उलटी फुंकर घालते. पिसे फाकतात आणि खालची कातडी दिसते. गुलाबी व कोरडी असेल तर निभावते. लाल, ओली किंवा खपलीची असेल तर कोंबडी त्याच दिवशी डालग्याखाली वेगळी ठेवावी, कारण लाल दिसले की इतर कोंबड्याही टोचतात. पीसगळीची इतर कारणे जागेवरून ओळखू येतात. गुदाभोवती पिसे विरळ असतील तर उवा-पिसवा शोधाव्यात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीचे छाती-पोट उघडे पडते. वार्षिक पीसझडीत जुन्या पिसांच्या जागी नव्या पिसांचे कोंब दिसतात.

पहिला उपाय जादा नर काढणे किंवा वेगळे कोंडणे. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. त्याच्याविना अंडी तेवढीच मिळतात. पिल्ले काढायची असली तरी तो रोज सोबत नको. एका मीलनानंतर साधारण आठवडा ते दहा दिवस फलित अंडी मिळू शकतात, म्हणून आठवड्यातून दोन दिवस सोडला तरी भागते. काट्याचे टोक कानशीने बोथट करता येते. फक्त टोकच घासावे, आत हाड आणि रक्तवाहिनी असते.

दुसरा उपाय पाठीवर कापड बांधण्याचा. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात तिच्यावरून या नोंदीत त्याला झूल म्हटले आहे. जुन्या जीन पँटचा वीतभर तुकडा मानेच्या बुडापासून शेपटीच्या अलीकडेपर्यंत येईल असा कापतात आणि दोन बाजूंना इलॅस्टिकचे फासे शिवून ते पंखांच्या बुडाशी अडकवतात. फाशात एक बोट सहज जायला हवे. घट्ट बसला तर पंखाखाली व्रण होतो. झुलीखाली कोंबडीला चोचीने पिसे साफ करता येत नाहीत आणि उवांना आसरा मिळतो. म्हणून आठवड्याला काढून पाठ पाहावी, भिजली तर लगेच बदलावी. चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जाड दुहेरी कापड नको, सुती एकेरी पुरते. झूल घालून नर तितकेच ठेवणे म्हणजे दुखणे झाकणे होय. ती पीस परत येईपर्यंतच वापरावी.

जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन हळद लावतात. खोल जखमेत किडे पडले असतील तर पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.

मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा येते. मोडलेल्या दांड्याचे मात्र पुढच्या पीसझडीपर्यंत येत नाही. पीस मुख्यतः प्रथिनांचे असते, म्हणून या काळात तुरीची चुणी, शिजवलेली डाळ, वारुळातली उधई (वाळवी) असे खाणे द्यावे. सोयाबीन भाजूनच द्यावे, कच्चे पचत नाही. सरकीची ढेप जनावरांसाठी आणलेली असते, ती कोंबड्यांना घालू नये: तिच्यातील गॉसिपॉल या द्रव्याने अंड्याच्या बलकाचा रंग बिघडतो. नवे पीस निळसर, रक्ताने भरलेल्या कोंबासारखे वर येते. ते फुटले तर रक्त वाहते, म्हणून कोंब उघडेपर्यंत कोंबडा दूरच ठेवावा.