लाइनखालचं झाड आणि ‘क्लिअरन्स’ची भानगड

विजेच्या तारांजवळची झाडं छाटायला फॉरेस्टर (झाडांचं शास्त्र शिकलेला माणूस) कशाला हवा, करवत चालवणारी चार माणसं पुरेत, असं अमेरिकेतही बरीच वर्षं चाललं. महायुद्धानंतर तणनाशकं आली, लाइनखालचे पट्टेच्या पट्टे फवारून काढायला लागले, मग शिकारीवाले ओरडले की जनावरं राहणार कुठे, आणि 1953 पासून पेनसिल्व्हेनियात त्यावर प्रयोग सुरू झाले. त्यातून कळलं ते असं की तारेखाली गवत-झुडपं राहू द्यायची, उंच वाढणारी जात तेवढी निवडून मारायची, बाकीचं काम झुडपंच करतात, नवीन झाडाला डोकं वर काढू देत नाहीत.

पण फॉरेस्टरला खरा भाव आला 14 ऑगस्ट 2003 नंतर. ओहायोत 345 केव्हीच्या (किलोव्होल्ट, म्हणजे हजार व्होल्ट) तीन लाइन एकामागोमाग झाडांना लागून ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या, पुढे अमेरिका-कॅनडात मिळून 5 कोटी लोकांची वीज गेली. (कंट्रोल रूममधलं अलार्मचं सॉफ्टवेअर बंद पडलं होतं, पण लोकांना झाडच आठवतं.) त्यातली पहिली लाइन क्षमतेच्या जेमतेम 44 टक्के लोडवर होती, म्हणजे जास्त विजेने तापून तार फार खाली आली नव्हती, झाडच वर आलं होतं.

2007 पासून तारांपासून झाडं दूर ठेवण्याचे नियम सक्तीचे झाले, दंड तेव्हा दिवसाला 10 लाख डॉलरपर्यंत. आणि इथून सुरू झाला ‘किमान क्लिअरन्स’चा, म्हणजे तार आणि झाड यांतल्या कमीत कमी अंतराचा घोळ. 345 केव्हीला, समुद्रसपाटीजवळ, हा आकडा साधारण सव्वाचार फूट. जमीनमालक तोच दाखवतो, नियमात चार फूट आहे मग तुम्ही वीस फूट का कापता? अहो, ते कापायचं अंतर नाहीच, त्याच्या आत फांदी आली तर हवेतूनच ठिणगी उडी मारू शकते एवढाच त्याचा अर्थ. त्यावर तापलेल्या तारेचा झोळ धरा, वाऱ्यातला हेलकावा धरा, छाटणीच्या पुढच्या फेरीपर्यंतची झाडाची वाढ धरा. बरं, तो आकडाही आधी फॉर्म्युल्यातून काढलेला, नंतर चाचण्या घेतल्या तेव्हा तो कमी पडतो असं दिसलं आणि वाढवावा लागला. माझ्या मते त्याला ‘क्लिअरन्स’ म्हणणं हीच मूळ चूक, ‘धोक्याची हद्द’ म्हटलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती.

शिवाय हे सगळं मुख्यतः 200 केव्ही आणि वरच्या लाइनसाठी. घरासमोरच्या खांबावरच्या तारांना हा आकडा लागूच नाही, आणि फॉरेस्टरशी हुज्जत घालणारे बहुतेक लोक तिथेच भेटतात.